मागची चाकं

१

सकाळी ऑफिसात आल्यावर मी आधी कॉफी घेते आणि मगच राखणदाराने रात्रभरात काय पकडलं ते बघते. हातात कॉफी नसताना वाईट बातमी वाचू नये, असं माझा नवरा स्टाइनार म्हणायचा. त्याच्यामागे त्याच्या ज्या थोड्या गोष्टी मी पाळते त्यांतली ही एक.

राखणदार म्हणजे कोणी माणूस नव्हे. प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका पकडणारं ते एक साधन आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आहे आणि आमच्याकडे ते कोणी उच्चारत नाही.

मुख्य भूमीवर नेसच्या नियंत्रण कक्षात माझं टेबल खिडकीपाशी आहे. खिडकीतून समुद्राचा अरुंद पट्टा दिसतो, त्यापलीकडे तेर्नॉय बेट. मी तिथे राहते. नेस आणि तेर्नॉय यांच्यामध्ये पाण्याखालून बोगदा गेलेला आहे आणि त्या बोगद्यात आग लागली तर पंख्यांनी धूर कुठल्या बाजूला ढकलायचा, हे ठरवणारा नवा प्रोग्रॅम मी लिहीत होते. नियम साधा: माणसं जिकडे असतील त्याच्या उलट दिशेला धूर. त्यासाठी आत कुठली गाडी कुठे आहे हे प्रोग्रॅमला सतत ठाऊक हवं. गाडी आत शिरली की तो मेमरीत तिच्यासाठी एक जागा घेतो. तिची लांबी, उंची, ठिकाण, आवाज वगैरे तिथे मांडतो. गाडी बाहेर पडली की जागा परत करतो.

गुरुवारी दुपारी बोगदा बंद ठेवून सराव व्हायचा होता. धूर खरा, गाड्या खऱ्या आणि गाड्यांत बसलेली माणसं आमच्या बेटावरची. पंखे पहिल्यांदाच माझ्या प्रोग्रॅमच्या हातात जाणार होते.

आणि प्रोग्रॅममध्ये एक चूक होती. क्वचित, अगदी क्वचित, बोगदा पूर्ण रिकामा असताना त्याला आत एक गाडी दिसायची. प्रत्यक्ष आग लागली असती तर पंख्यांनी त्या नसलेल्या गाडीला वाचवायला धूर जिवंत माणसांच्या अंगावर सोडला असता.

आमची प्रमुख बेंटे माझ्याहून बरीच लहान आहे, पण बोलणं तोलून असतं तिचं. ती सोमवारी म्हणाली, "बुधवारपर्यंत सापडली तर सराव. नाहीतर मी सगळ्यांना फोन करून रद्द करते. तुझ्यावर काही येणार नाही, गुन्व्होर. पण धूर मात्र मी सोडू देणार नाही."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. अशी चूक शोधताना अंगात एक वेगळीच तरतरी येते, कान टवकारले जातात. स्टाइनार गेल्यापासून ती माझ्या अंगात आली नव्हती. मला वाटलं होतं, तीही गेली.

२

मंगळवारी सकाळी राखणदाराने ती चूक पकडली.

ही चूक कशी असते ते एखाद्या लॉजसारखं आहे. पाहुणा किल्ली ठेवून निघून जातो. पण त्याच्या ओळखीच्या कुणीतरी खोलीचा नंबर लिहून ठेवलेला असतो आणि तो येऊन दार ढकलतो. आत तोपर्यंत दुसराच पाहुणा आलेला असतो, मग सगळा गोंधळ. राखणदार काय करतो, तर पाहुणा गेला की खोली लगेच दुसऱ्याला देत नाही. काही काळ तिला कुलूप घालतो आणि आत जमिनीवर सगळीकडे चुना पसरतो. त्यानंतर जो कोणी पाऊल टाकेल तो सापडतो. मग तीन गोष्टी समोर येतात: खोली कोणी घेतली होती, कोणी सोडली, आणि नंतर कोण आलं.

काही काळ म्हणजे किती, ते आपण ठरवायचं. मी सोमवारी घरी निघताना तो काळ इतका वाढवला होता की खोली पुन्हा कुणाला दिलीच जाणार नव्हती. मेमरी भरपूर होती. एकदा रिकामी झालेली जागा रिकामीच राहील, तिचं दार कायम कुलूपबंद. चूक पकडायला याहून चांगला उपाय नाही. आमच्या धंद्यातले सगळे असंच करतात.

तपासणीसाठी आम्ही जुन्या दिवसांची मुद्रणं प्रोग्रॅमला पुरवत होतो, म्हणजे त्या त्या दिवशी बोगद्यातल्या यंत्रांनी जे पाहिलं-ऐकलं ते. खाजगीपणाच्या कायद्यामुळे त्यांवरच्या तारखा काढून टाकलेल्या असतात, गाड्यांचे नंबरही. शेकडो मुद्रणं स्वच्छ गेली होती. एकाच मुद्रणात ही गाडी उरत होती.

नंतर कोण आलं, ते लगेच कळलं: पंखे. पंख्यांकडे आतल्या गाड्यांची स्वतःची यादी असते आणि ते घडीघडीला प्रत्येक गाडीला विचारतात, तू कुठे आहेस? एक गाडी बाहेर पडली होती, तिची जागा सोडलेली होती, आणि पंखे तरीही तिला विचारत होते.

मी खुर्ची पुढे ओढली. मला आठवतं, मी हसत होते.

मग मी ती जागा उघडून आत पाहिलं. लांबी, उंची, सगळ्यावर राखणदाराचा चुना, म्हणजे एकच एक ठरावीक खूण, ओळीने. असंच असायला हवं होतं. फक्त ठिकाणाच्या घरात ती खूण नव्हती. तिथे आकडा होता. बेटाकडच्या तोंडापासून थोडं आत.

मी कॉफीचा घोट घेतला आणि पुन्हा पाहिलं. आकडा बदलला होता. गाडी थोडी आणखी आत, खाली गेली होती.

३

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सोडलेल्या जागेत कोणीतरी अजून लिहीत होतं, एवढाच अर्थ. एकाऐवजी दोन चुका. मला तर आणखीच मजा वाटली.

लिहिणाऱ्याला पकडायची सोपी युक्ती आहे. डीबगर नावाचं दुसरं साधन लावून त्या एका जागेवर पहारा बसवायचा. कोणी तिला हात लावला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो आणि हात लावणारा समोर दिसतो. मी पहारा बसवला. आकडा बदलत राहिला आणि प्रोग्रॅम काही थांबला नाही.

मग मी स्वतःच त्याला थांबवलं. थांबवलेल्या प्रोग्रॅममध्ये काहीच हलत नाही, फोटोतल्या माणसासारखा असतो तो. आकडा टिपला. डबा उघडून ब्राऊन चीजचा ब्रेड खाल्ला, हात पुसले, पुन्हा पाहिलं.

गाडी बोगद्याच्या तळाशी पोचत आली होती.

चिप खराब असणार, मी म्हटलं. होतं असं. मी उठून शेजारच्या संगणकावर बसले, सगळं नव्याने सुरू केलं, तेच मुद्रण पुरवलं. तेच झालं तर चिपचा दोष नाही, नाही झालं तर आहे; डोकं शांत ठेवून एकेक शक्यता कापत जायचं. गाडी उरली. जागा उघडली. ठिकाणाच्या घरात आकडा होता, पण तो बेटाकडच्या तोंडाचा नव्हता. पहिल्या संगणकावर मी जिथे सोडला होता, तिथून तो पुढे होता.

त्या वेळी माझ्या मागे ओड्वार बसला होता. ओड्वार कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवतो, इतक्या वर्षांत त्याला सगळा बोगदा तोंडपाठ झाला आहे, आणि बेटावरच्या लोकांची टिंगल केल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. त्याच्या टेबलावरचा आवाजाचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. बोगद्यात जागोजागी माइक आहेत. धडक किंवा हॉर्न ऐकू आला की तो दिवा लागतो.

"घ्या," ओड्वार म्हणाला. "तळाशी हॉर्न. दोनदा. तुमच्या बेटावर हे आता परंपरा म्हणून सुरू झालंय का?"

मी मान वळवली नाही. पण त्याच्या खुर्चीचा आवाज थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं.

तळाशी दोनदा हॉर्न वाजवायची सवय स्टाइनारची होती. वर समुद्रातल्या कॉड माशांना नमस्कार, असं म्हणायचा. रोज संध्याकाळी घरी येताना. ओड्वार दर वेळी त्याला शिव्या घालायचा आणि ख्रिसमसला त्याच्याकडून वाळवलेला मासाही घ्यायचा.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"दुधाचा ट्रक. तो केव्हाच वर आलाय." मग, हळू आवाजात, "पाण्याचा थेंब पडला असेल माइकवर. माझं काही मनावर घेऊ नकोस."

मी समोर पाहत होते. सोडलेल्या जागेत आता ठिकाणाखेरीज आणखी एक घर चुन्यातून मोकळं झालं होतं. आवाजाचं.

४

बुधवारी सकाळी मला चूक सापडली. आकड्यांचं कोडं बाजूला ठेवलं आणि साधा प्रश्न घेतला: पंख्यांच्या यादीतून गाडी कधी कमी होते?

गाडी बाहेर पडली हे आम्हाला दोन तऱ्हांनी कळतं. तोंडावरचा कॅमेरा गाडीचं नाक बाहेर आलेलं पाहतो आणि प्रोग्रॅम तिची जागा सोडतो. त्यानंतर उंबरठ्यावर रस्त्यात पुरलेल्या तारेवरून तिची मागची चाकं जातात आणि पंखे तिला यादीतून काढतात. दोन्हींमध्ये क्षणाचं अंतर. म्हणून कधी काही बिघडत नाही. बिघडेल केव्हा, तर एखादी गाडी नाक बाहेर काढून तिथेच थांबली आणि तिची मागची चाकं तारेवरून कधी गेलीच नाहीत तर.

मी टेबलावर थाप मारली. बेंटे तिच्या खोलीतून बाहेर आली. मी उभं राहून तिला भराभर सांगत सुटले: नाक बाहेर, जागा मोकळी, चाकं आत, यादीत नाव तसंच, मग पंखे रिकाम्या खोलीचं दार वाजवत बसतात. बेंटेचा चेहरा उजळला. मी इतकी बोलले तरी किती दिवसांनी, असं तिच्या मनात आलेलं मला दिसत होतं.

"पण गाडी शेवटी कधीतरी पुढे जाणारच ना," ती म्हणाली. "चाकं तारेवरून गेल्याशिवाय बाहेर येईल कशी?"

"उचलून," मी म्हटलं. "क्रेनने सबंध गाडी उचलून ट्रकवर ठेवली तर चाकं जमिनीला लागतच नाहीत."

आणि मग मी खाली बसले.

कारण ती चाकं मी पाहिली होती. बेटाकडच्या तोंडाशी मी रस्त्याच्या कडेला उभी होते. ज्या लोकांनी स्टाइनारला गाडीतून काढलं होतं ते केव्हाच गेले होते आणि पिवळ्या क्रेनने त्याची करडी व्हॅन उचलली होती. टपावर त्याची शिडी तशीच बांधलेली. मागची चाकं हवेत सावकाश फिरत होती. बोटींच्या विजेची कामं करून तो रोजच्यासारखा घरी येत होता. बोगद्याच्या तोंडाशी, उजेड दिसल्यावर, त्याचं हृदय थांबलं. पाय ब्रेकवर ठेवून त्याने गाडी नीट उभी केली होती.

मुद्रणावर तारीख नव्हती. आता तिची गरजही उरली नव्हती.

 बेंटेने माझा रिकामा कप उचलला, भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

५

दुरुस्ती एका ओळीची होती. जागा सोडली की त्याच वेळी पंख्यांच्या यादीतूनही नाव काढायचं. गाडी कुठे का असेना.

ती ओळ मी लिहिली आणि चालू केली नाही. कुठे का असेना, हे शब्द मला सुटेनात. सकाळपासून मी अधूनमधून तो आकडा बघत होते. त्याची एक चाल होती. बेटाच्या तोंडापर्यंत यायचा, तिथे थांबायचा, मग मागे फिरून खाली. तळाशी थोडा वेळ. पुन्हा वर. तारेच्या अलीकडे पुन्हा थांबायचा. वेग तोच, चढावर नि उतारावर सारखा. ओड्वार म्हणायचा की स्टाइनार इतका सावकाश चालवतो की त्याच्या मागच्या गाडीवर चिमण्या घरटं बांधतील.

मी माझ्याशी नीट बोलले. मी शिकलेली बाई आहे. हा आकडा कुठूनतरी येतो आहे. आज नाही, पुढे कधीतरी मला तो कुठून येतो ते कळेल. एका ओळीने तो थांबेल, आणि उद्या माणसं सुरक्षित राहतील. हे सगळं खरं होतं. पण ती ओळ त्याला बाहेर काढणार नव्हती. ती त्याला आतच पुसणार होती, पाण्याखाली.

आमच्या कामाची एक शिस्त आहे. चूक दुरुस्त करण्याआधी ती आपल्या डोळ्यांसमोर घडवून दाखवायची. त्याशिवाय दुरुस्ती कोणी मानत नाही. मी बेंटेकडे गेले आणि म्हणाले की मुद्रण पुरेसं नाही, खऱ्या बोगद्यात, खऱ्या गाडीने तपासायचंय. सरावाच्या तयारीसाठी बोगदा दुपारी बंद होणारच आहे, तेवढ्यात होईल. प्रोग्रॅम आहे तसाच चालू ठेवायचा, दुरुस्ती न करता, फक्त मुद्रणाऐवजी बोगद्यातल्या यंत्रांना जोडायचा.

"कुठली गाडी?" तिने विचारलं.

"त्याच लांबीची, त्याच उंचीची हवी."

बेंटेने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कोणीतरी सोबत जाऊ दे तुझ्या. ओड्वारला पाठवते."

"ओड्वार कॅमेऱ्यांवर हवा. आणि आत एकच माणूस असलेलं बरं. हिशेब सोपा राहतो."

व्हॅन माझ्या घरामागच्या शेडमध्ये होती. माझ्या गाडीवरून वायर लावल्यावर ती एका दमात सुरू झाली, जशी काही वाट बघत होती. आत त्याचे रबरी बूट, तेलाचा वास, खिडकीखाली चिकटवलेलं फेरीबोटीचं जुनं तिकीट. सीट मला पुढे घ्यावं लागलं. बेटावरून बोगद्यातून नेसला गेले, तेव्हा बोगदा अजून चालू होता, मागेपुढे गाड्या होत्या, काही झालं नाही. तळाशी मी हॉर्न वाजवला नाही.

६

दुपारी नेसच्या तोंडाशी फाटक पडलं. माझ्यामागे रस्ता मोकळा झाला, पुढे बोगदा मोकळा. वॉकीटॉकीवर ओड्वार बोलत होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"बोगदा रिकामा. कॅमेरे रिकामे. तुझा प्रोग्रॅम म्हणतोय आत एक. म्हणजे तो तुझा मुद्रणातला पाहुणा. तू गेलीस की दोन व्हायला हवेत. बरोबर?"

"बरोबर."

"ये मग. आणि बेटावरच्यासारखी चालवू नकोस."

मी आत शिरले. दिवे एकामागून एक काचेवरून जाऊ लागले. उतार सुरू झाला, कानांत दडे बसले.

"गुन्व्होर," ओड्वार म्हणाला. "अजून एकच म्हणतोय."

"मला पाहिलं नाही का त्याने?"

"पाहिलं. तोंडाशी रस्त्यातल्या वजनाच्या पट्टीवर वजन घेतलं, लांबी-उंची घेतली. पण गाड्या एकच. नवी जागा घेतली नाही त्याने. तुला..." तो थांबला. "जुन्याच जागेत टाकलंय."

हे होऊ शकत नव्हतं. त्या जागेला कुलूप होतं, मीच घातलेलं, कधीच न उघडणारं. मी त्याला म्हटलं की बरं, टिपून ठेव. माझा आवाज स्थिर होता. पण खरं सांगते, भीती नव्हती ती. शोध लागायच्या आधी छातीत जे उसळतं, तेच होतं.

"आकडा कुठे आहे?" मी विचारलं.

"तळाशी. हलत नाहीये."

"आणि मी?"

"तूही आता तळाशीच पोचतेयस."

मी वेग कमी केला. तळाशी भिंती ओल्या असतात आणि दिवे जरा पिवळट. काहीच नव्हतं तिथे. समोरच्या ओल्या भिंतीवर लालसर उजेड पडलेला होता, पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या दिव्यांचा पडतो तसा. पुढे गाडी नव्हती. मी त्या उजेडाशी जाऊन थांबले. तो विझला.

मी खिडकी खाली केली. पंखे बंद होते, पाणी कुठेतरी ठिबकत होतं. मी हॉर्न वाजवला. एकदाच. दुसऱ्यांदा हात ठेवण्याआधी तो वाजला.

  मी गिअर टाकला आणि चढ चढू लागले.

आता मला शेजारी बघायचं नव्हतं आणि मी बघितलं नाही. नजर रस्त्यावर ठेवली. त्याच्यासारखी एका वेगाने मला कधी चालवता आली नाही. चढ संपत आला की माझा पाय आपोआप दाबला जातो. बेटाकडे वर येताना शेवटचं एक वळण आहे, ते मी नेहमी जोरात घेते. मी गाडी चालवत असले आणि स्टाइनार शेजारी असला तर या वळणावर तो पायाने नसलेला ब्रेक दाबायचा. भांडणं झाली आहेत आमची त्यावरून.

वळण आलं. मी जोरात घेतलं.

शेजारी, रबरी मॅटवर, धप्प आवाज झाला.

मी वेग कमी केला. पुढे उजेडाचं अर्धवर्तुळ दिसत होतं, दुपारचा साधा राखाडी उजेड. तोंडाशी आले, नाक बाहेर काढलं आणि ठरल्याप्रमाणे थांबले. वॉकीटॉकीवर ओड्वारचा श्वास ऐकू येत होता.

"नाक बाहेर," तो म्हणाला. "जागा सोडली म्हणतोय. यादीत तसाच. तुझी चूक बरोबर घडली, गुन्व्होर. झालं तुझं काम. आता तिथेच उतर, मी कोणालातरी पाठवतो."

"नाही," मी म्हटलं. "मागची चाकं राहिलीत."

मी क्लच सोडला. पुढची चाकं उंबरठ्यावरून गेली. मग, अगदी सावकाश, मागची. रस्त्यातल्या तारेचा हलकासा धक्का सीटखाली जाणवला. वारा लागला, समुद्राचा वास आला.

"शून्य," ओड्वार म्हणाला. "आत कोणी नाही."

मी पुढे जाऊन कडेला उभी राहिले. 

मग ओड्वार पुन्हा बोलला. "एक विचारू? वाटेत काही उचललंस का? सामानबिमान?"

"का?"

"बाहेरच्या पट्टीवर वजन जास्त आलंय. आत जाताना इतकं नव्हतं." आणि लगेच, "पट्टी जुनी आहे ती. मी नोंदत नाही, बरं का. हे आपल्या दोघांतच राहू दे."

७

त्याच दुपारी मी ऑफिसात परत न जाता घरूनच ती एक ओळ चालू केली. राखणदार पुन्हा बसवला, शेकडो मुद्रणं पुन्हा पुरवली. गुरुवारी सकाळी कॉफी घेऊन पाहिलं. काही पकडलं नव्हतं. त्या एका मुद्रणातही करडी व्हॅन आत आली, तळाशी दोनदा हॉर्न वाजवला, वर आली, नाक बाहेर काढलं आणि यादीतून गेली. जागेत सगळा चुना सारखा. आकडा नाही.

सराव झाला. धूर सोडला तेव्हा बेंटे माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझी बाही धरून ठेवली होती. पंखे फिरले, पडद्यावर धूर भिंतीसारखा सरकत माणसांपासून दूर गेला. गाड्यांतून लोक उतरले, त्यांच्याकडे धुराचा एक धागाही आला नाही. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ओड्वारने वॉफल भाजले होते, ते आम्ही जॅम लावून खाल्ले. त्याने मला दोन वाढले आणि कुठलीही टिंगल केली नाही.

मी लवकर घरी आले. माझ्याच गाडीने, बोगद्यातून. बोगदा नुसता बोगदा होता.

मग शेडमध्ये गेले. आदल्या दिवशी व्हॅन आत लावून मी उतरले होते, तेव्हा माझं वजन गेल्यावर ती माझ्या बाजूने वर आली होती. दुसऱ्या बाजूने नव्हती. मी तेव्हा म्हटलं होतं, उजव्या चाकांत हवा कमी असेल, उद्या बघू.

ती अजून तशीच होती. उजव्या बाजूला, शेजारच्या सीटकडे, थोडी कललेली. मी स्टाइनारच्या खोक्यातून हवा मोजायचं यंत्र काढलं आणि गुडघे टेकून चारही चाकं मोजली.

हवा चारही चाकांत सारखी होती.

मी उठले, यंत्र जागेवर ठेवलं. गाडीच्या खिडकीकडे पाहिलं नाही. अजून दिवस होता, स्वयंपाकघराच्या खिडकीवर ऊन होतं. मी अंगण ओलांडून घरात गेले आणि शेडचं दार लावलं नाही. घराचंही नाही.

कॉफी ठेवली. मग मागे, अंगणापलीकडे, गाडीच्या स्प्रिंगा करकरल्या, कोणी उतरलं की करकरतात तशा.